चुन्याची निवळी आणि काचेतला समुद्र

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे आणि दरवर्षी वर्गात करूनही दाखवतो. निवळी दुधाळ होते, मुले वहीत ‘उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो’ असे लिहितात आणि तास संपतो. निवळी पुरेशी पातळ असेल आणि आपण फुंकत राहिलो, तर हे दूध पुन्हा नाहीसे होऊन पाणी नितळ होते. हा प्रयोगाचा उत्तरार्ध मात्र फार थोड्या वर्गांत दाखवला जातो. समुद्रातील शिंपले, शंख आणि प्रवाळ यांचा सारा संसार या दोन बदलांच्या तोलावर उभा आहे. घरातल्या काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवू पाहणाऱ्या हौशी मंडळींना याच तोलाने शंभराहून अधिक वर्षे चकवले. पाण्यातील कॅल्शियम मोजायला आणि टिकवायला माणूस कसा शिकला, याचा इतिहास आपण या लेखात पाहू.

भट्टीतून निवळीपर्यंत

मुंबईच्या हार्बर मार्गावर कुर्ल्याच्या अलीकडे चुनाभट्टी नावाचे स्थानक आहे. इथे एकेकाळी चुन्याच्या भट्ट्या होत्या, हे नावच सांगते. कोकणपट्टीत चुनखडीचे डोंगर नाहीत, त्यामुळे चुना शिंपल्यांपासून भाजला जाई. तोच बांधकामात, भिंतींच्या सफेदीत आणि पानाच्या डब्यात जाई. शिंपल्यातील प्राण्याने समुद्राच्या पाण्यातून वेचलेले कॅल्शियम असे भट्टीमार्गे आपल्या घरात येत होते.

भट्टीत नेमके काय घडते, हे प्रथम काटेकोरपणे दाखवले स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक याने. त्या काळी मूतखड्यावर औषध म्हणून चुन्याची निवळी पाजत असत आणि त्या चर्चेतूनच ब्लॅक या विषयाकडे वळला. १७५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने तराजूच्या साहाय्याने दाखवून दिले की, चुनखडी भाजली की तिचे वजन घटते, कारण तिच्यातून एक वायू निघून जातो. मागे उरतो तो कळीचा चुना. तो पाण्यात विरवून वरचे नितळ पाणी घेतले की झाली निवळी. तिला तोच वायू परत मिळाला की चुनखडी पुन्हा साक्याच्या रूपाने खाली बसते. हा वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. पुढे १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही याने विजेच्या साहाय्याने चुन्यातील धातू वेगळा केला आणि चुन्याच्या लॅटिन नावावरून त्याला कॅल्शियम हे नाव दिले.

साबणाने मोजलेला चुना

पदार्थ ओळखता आला म्हणजे तो मोजता आला असे होत नाही. पाण्यातील कॅल्शियम झटपट मोजण्याची पहिली सोपी युक्ती धुण्याघाटावरच्या अनुभवातून आली. विहिरीच्या दुष्फेन पाण्यात साबणाला फेस येत नाही, पांढरा चोथा मात्र होतो. ॲबर्डीनचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक टॉमस क्लार्क याने १८४० च्या दशकात याचेच मोजमाप केले. ठराविक तीव्रतेचे साबणाचे द्रावण पाण्यात थोडे थोडे घालायचे, बाटली हलवायची आणि टिकाऊ फेस येण्यास किती द्रावण लागले ते पाहायचे. जितके द्रावण जास्त, तितके पाणी दुष्फेन.

याच क्लार्कने १८४१ मध्ये पाणी सुफेन करण्याच्या एका रीतीचे पेटंट घेतले. ती रीत ऐकून विद्यार्थी चक्रावतात, कारण पाण्यातील चुना काढण्यासाठी क्लार्क पाण्यात चुनाच घालत असे! खुलासा सोपा आहे. अशा पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या सोबतीने विरघळलेले असते. निवळी घातली की बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि पाण्यातील व नव्याने घातलेले, असे दोन्हीकडचे कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात खाली बसते. ही क्रिया वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे आमचीच फजिती करायला ती परत येणार आहे.

लंडनच्या दिवाणखान्यातला समुद्र

याच सुमारास इंग्लंडमध्ये घरात समुद्री जीव पाळण्याची टूम निघाली. तिचा मान एका गृहिणीकडे जातो. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. प्रवासात ते हलू नयेत म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने स्पंजाला शिवून टाकले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतण्याचा उद्योग त्यांच्या घरी रोज चाले. त्यांचे प्रवाळ जगले आणि त्यांना पिलेही झाली. काचेतल्या समुद्रात प्रवाळ सांभाळण्याचा हा बहुधा पहिला यशस्वी प्रयोग होय.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी काय करायचे? फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. तिच्यात साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड हे चारच क्षार होते. या यादीत कॅल्शियम नाही, ही गोष्ट चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आली असेल. तरीही समुद्रफुले आणि शैवाल त्या पाण्यात तगली. त्यांना कॅल्शियमची निकड कमी असते आणि खडूच्या खडकांतून येणाऱ्या लंडनच्या दुष्फेन पाण्यात ते थोडेफार आयतेच मिळत होते.

हीच कृती मुंबईच्या उपनगरात नळाचे पाणी घेऊन केली तर? आपले पाणी तानसा, वैतरणा, भातसा या बेसॉल्टच्या मुलखातील जलाशयांतून येते आणि ते बरेच सुफेन असते. गॉसचा समुद्र मुलुंडला किंवा बोरिवलीला खारट झाला असता, पण त्यात शिंपला घडवण्यापुरते कॅल्शियम नसते. एखादी कृती एका गावी यशस्वी होते आणि दुसऱ्या गावी का फसते, याचे कारण अनेकदा कागदावर न लिहिलेल्या घटकात सापडते.

ठरलेले प्रमाण आणि त्याचा भंग

खऱ्या समुद्रात कॅल्शियम किती असते? अलेक्झांडर मार्से याने १८१९ मध्ये वेगवेगळ्या समुद्रांचे पाणी तपासून असे मत मांडले की, पाणी कमीजास्त खारट असले तरी त्यातील क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ सारखे असते. चॅलेंजर या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमार याने पृथक्करण केले आणि १८८४ मध्ये या मताला भक्कम आधार दिला. आजच्या आकड्यांनुसार, एक किलोग्रॅम समुद्रजलात ३५ ग्रॅम क्षार असतील, तर त्यात कॅल्शियम सुमारे ४१२ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम त्याच्या तिपटीहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे १,२९० मिलिग्रॅम असते.

या नियमामुळे सागरशास्त्रज्ञांची मोठी सोय झाली. खारटपणा मोजला की कॅल्शियमचा आकडा हिशेबाने काढता येऊ लागला. मात्र काचेच्या टाकीत हा नियम चालत नाही. महासागर अफाट आहे. त्यातील प्रवाळांनी कितीही चुना वेचला तरी एका दिवसात आकडा हलत नाही. दोनशे लिटरच्या टाकीतला साठा मर्यादित असतो. प्रवाळ, शिंपले आणि गुलाबी चुनेरी शैवाल तेथून कॅल्शियम उचलत राहतात आणि खारटपणा तसाच राहतो. खारटपणा मोजून समाधान मानणाऱ्याला पाण्यातील कॅल्शियम संपत चालल्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून टाकीतले कॅल्शियम थेट मोजायलाच हवे होते, आणि त्यासाठी साबण कामाचा नव्हता. मॅग्नेशियमही साबणाचा चोथा करते आणि समुद्रात तर तेच वरचढ!

रंग बदलणारा थेंब

ही अडचण दूर झाली ती कापडगिरण्यांसाठी तयार झालेल्या एका रसायनामुळे. १९३० च्या दशकात जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ याने ईडीटीए हे संयुग बनवले. खेकड्याने नांग्यांनी भक्ष्य धरावे तसा त्याचा रेणू धातूच्या आयनाला सगळीकडून पकडतो. झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख याने १९४० च्या दशकाच्या मध्यास त्याचा उपयोग अनुमापनासाठी केला. कॅल्शियमचा एक आयन आणि ईडीटीएचा एक रेणू, असा हा सरळ हिशेब आहे. सगळे कॅल्शियम पकडले गेले की दर्शकाचा रंग बदलतो.

मॅग्नेशियमची लुडबुड टाळण्याची युक्तीही सुंदर आहे. पाण्याचा सामू १२ च्या वर नेला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या रूपात साक्यात जाते आणि कॅल्शियम एकटे मागे उरते. १९५६ मध्ये पॅटन आणि रीडर यांनी या कामासाठी एक चांगला दर्शक शोधला. त्यात अखेरीस लालसर रंग जाऊन निळा येतो.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे अनुमापन सहज करता येईल. ईडीटीएचा डायसोडियम क्षार ३.७२ ग्रॅम घेऊन त्याचे एक लिटर द्रावण करावे. त्याची तीव्रता ०.०१ मोलर होते. गाळलेले समुद्रजल १० मिलिलिटर घेऊन त्यात ४० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी मिसळावे. शिक्षकांनी स्वतः सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण घालून सामू १२ च्या वर न्यावा, काही मिनिटे थांबून चिमूटभर दर्शक टाकावा आणि ब्युरेटमधून ईडीटीए सोडावे. प्रत्येक मिलिलिटर ०.४ मिलिग्रॅम कॅल्शियम दाखवतो. साडेदहा मिलिलिटर लागले तर १० मिलिलिटर पाण्यात ४.२ मिलिग्रॅम, म्हणजेच लिटरला ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम झाले. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या थेंब मोजण्याच्या चाचणीसंचात बहुधा हीच पद्धत वापरलेली असते; ब्युरेटच्या जागी ड्रॉपर येतो, इतकेच.

निवळी पुन्हा येते

मोजण्याचे साधन तयार झाले तरी प्रवाळ घरात वाढेनात. हौशी मंडळींच्या टाक्यांत बहुतेक वेळा प्रवाळांचे पांढरे सांगाडेच शोभेला ठेवलेले असत. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली रीत प्रसिद्ध केली. जवळच्या समुद्रातील ताजे पाणी, जीवजंतूंनी भरलेले खडक आणि हवेचे बुडबुडे, एवढ्या साहित्यावर त्यांच्या टाकीत प्रवाळ जगत होते. पण दाराशी निर्मळ उष्ण समुद्र असण्याचे भाग्य सर्वांचे नसते. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी जर्मन वाचकांसाठी लिहिताना एक साधा उपाय पुढे आणला. टाकीतील जितके पाणी बाष्पीभवनाने उडेल, तितकी चुन्याची निवळी थेंबाथेंबाने भरायची. या उपायाचे जर्मन नाव ‘काल्कवासर’ असे आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ चुन्याचे पाणी असाच आहे. ब्लॅकची निवळी दोन शतकांनी मत्स्यालयात पोहोचली.

थेंबाथेंबाने का, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. विद्यार्थिदशेत अंधेरीच्या घरी आम्ही साठ लिटरची एक टाकी मांडली होती. वर्सोव्याच्या समुद्राचे पाणी, कालवे चिकटलेला एक दगड आणि थोडे गुलाबी शैवाल, एवढाच तिचा पसारा. एकदा अनुमापनात कॅल्शियम कमी आले म्हणून उत्साहाच्या भरात आम्ही लिटरभर निवळी एकदम ओतली. पाहता पाहता टाकी पिठूळ झाली. दुसऱ्या दिवशी काचेवर पांढरा थर बसला होता आणि कॅल्शियमचा आकडा वाढण्याऐवजी थोडा उतरलाच होता. त्या दिवशी आम्ही नकळत क्लार्कचे पेटंट घरी वापरले होते! निवळी सावकाश गेली की हवेतील आणि जीवांच्या श्वसनातील कार्बन डायऑक्साइड तिच्याशी मिळून बायकार्बोनेट बनवतो. ती एकदम गेली की सामू उसळतो, बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि चुना साक्यात जातो.

या फजितीतून दुसरा धडा मिळाला आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. शिंपला किंवा प्रवाळ केवळ कॅल्शियम उचलत नाही, तो कॅल्शियम कार्बोनेट उचलतो. म्हणून जमाखर्चाच्या वहीत दोन रकाने हवेत. एक कॅल्शियमचा आणि दुसरा अल्कतेचा, म्हणजे आम्लाला पुरून उरणाऱ्या बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या साठ्याचा. समजा, प्रत्येक लिटरमागे ५० मिलिग्रॅम चुना सांगाड्यांत गेला. कॅल्शियम २० मिलिग्रॅमने घटेल. ४१२ मध्ये २० म्हणजे जेमतेम पाच टक्के. समुद्रजलाची अल्कता मात्र लिटरला सुमारे २.३ मिलिइक्विव्हॅलंट असते आणि त्यातून १ जाईल, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक! कॅल्शियमची चाचणी ‘सर्व ठीक’ असे सांगत असताना टाकी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असू शकते. नुसते कॅल्शियम क्लोराइड घालणाऱ्यांची फसगत होते ती यामुळेच. त्यांचा एकच रकाना भरतो. निवळी दोन्ही रकाने खर्चाच्या नेमक्या प्रमाणात भरते, हे तिचे मोठेपण.

निवळीलाही मर्यादा आहेत. चुना पाण्यात कमी विरघळतो आणि पाणी गरम असेल तर आणखी कमी. मुंबईच्या तापमानाला लिटरभर संपृक्त निवळीत सुमारे दीड ग्रॅम चुना, म्हणजे सुमारे ०.८ ग्रॅम कॅल्शियम मावते. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडत असेल तर निवळीने रोज लिटरमागे आठ मिलिग्रॅम कॅल्शियम देता येते. जुलै महिन्यात हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावते आणि निवळी घालायला जागाच उरत नाही. अशा वेळी दुसरा मार्ग म्हणजे चुनखडीच्या खड्यांवरून कार्बन डायऑक्साइडयुक्त पाणी फिरवणे. १९९० च्या दशकात जर्मनीतून प्रसार पावलेल्या ‘कॅल्शियम रिॲक्टर’ मध्ये हेच केले जाते. आपल्या फुंकरीच्या प्रयोगाचा तो उत्तरार्धच होय.

टाकीबाहेरचा जमाखर्च

हौशी लोकांच्या टाकीत उमजलेली ही गोष्ट पुढे मोठ्या प्रश्नाला भिडली. झाँ-पिएर गात्तुझो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्यातील कॅल्शियम कमीजास्त करून प्रवाळांची चुना बनवण्याची गती मोजली. कॅल्शियम कमी असताना ही गती घटली, पण नेहमीच्या पातळीच्या वर नेल्याने विशेष लाभ झाला नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातील ‘बायोस्फिअर-२’ या काचेच्या प्रकल्पात प्रवाळांची एक प्रचंड टाकी होती. ख्रिस लँगडन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तेथील निष्कर्ष मांडले. पाण्यातील कार्बोनेट घटले की प्रवाळांचे चुना बनवण्याचे काम त्या प्रमाणात मंदावते.

आज महासागरात हेच घडत आहे. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठजलाचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे. आकडा लहान दिसतो, पण सामूची पट्टी लॉगॅरिथमची असल्याने हायड्रोजन आयनांत ही सुमारे पाव हिश्श्याची वाढ आहे. समुद्रात कॅल्शियम मुबलक आहे. कार्बोनेट कमी होत चालले आहे. आणि महासागरात कोणी निवळी ओतून हिशेब जुळवू शकत नाही.

मुंबईकरांना प्रवाळ म्हणजे लक्षद्वीप-अंदमानची गोष्ट वाटते. पण वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही प्रवाळांच्या लहान वसाहती आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी त्यांतील काही २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या, तेव्हा अनेकांना त्यांचा पत्ता लागला. परवानगी लागली, कारण २००१ मध्ये दगडी प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला आहे. त्याच अनुसूचीत वाघ आहे. तेव्हा किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून घरी किंवा शाळेत आणणे हा गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

शिकण्यासाठी प्रवाळ लागतही नाही. आपल्या शाळेतील नळाचे पाणी, जवळच्या विंधन विहिरीचे पाणी आणि जुहू, वर्सोवा किंवा गोराईच्या समुद्राचे पाणी यांतील कॅल्शियम मुलांकडून मोजून घ्यावे. नळाचे पाणी शंभर मिलिलिटर घ्यावे, कारण त्यात कॅल्शियम थोडे असते. समुद्राचा नमुना एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैमध्ये घेऊन खारटपणाही मोजावा. पावसाने दोन्ही आकडे उतरतील. त्यांचे गुणोत्तर किती टिकते ते पाहिले की डिटमारचा नियम पाठ करावा लागणार नाही.

आणि फुंकरीचा प्रयोग कराल तेव्हा निवळी उकळून गार केलेल्या पाण्याने दहापट पातळ करून घ्यावी. संपृक्त निवळी नुसत्या उच्छ्वासाने पूर्ण नितळ होत नाही. पातळ निवळी आधी धूसर होईल. तेथे न थांबता मुलांना आळीपाळीने फुंकत राहू द्यावे. धूसरपणा जाऊ लागला की त्यांना विचारावे, ‘हा चुना गेला कुठे, आणि समुद्रात आपण सगळे मिळून फुंकत राहिलो तर शिंपल्यांचे काय होईल?’